कोलकात्यात नवरदेवाची खरेदी

मावसभावाची होणारी बायको बंगाली, त्यामुळे यंदा नवरदेवाची खरेदी कोलकात्याच्या गरियाहाट बाजारात.

आधी टोपोर बघा. बंगाली नवऱ्याचा हा उंच, निमुळता पांढरा मुकुट शोल्याचा असतो. शोला म्हणजे पाणथळीत उगवणाऱ्या झाडाचा हलका गर. मालाकार कारागीर तो पातळ सोलून त्यातून फुलं, नक्षी घडवतात. फार देखणं काम! टोपोर 'दशकर्मा भांडार' पाटीच्या दुकानात मिळतो. थर्माकोलचा घेऊ नका. डोक्यावर घालून बघा, पाणी आणि दाब यांपासून जपा.

अंगात गरद किंवा तसर रेशमाचा कुर्ता, खाली चुणीदार धोतर. सवय नसेल तर शिवलेलं घ्यावं.

बंगाली विधी बहुधा संध्याकाळी असतात. म्हणून आम्ही सकाळच्या मराठी विधींना मुंडावळ्या आणि रात्री टोपोर ठरवलं.