गहू सोडला, तरी पोट दुखतंच

भाईंदरच्या गिरणीत गव्हाचं दळण उरकलं की त्याच जात्यावर पुढची ज्वारी पडते. जात्यात अडकलेलं गव्हाचं पीठ ज्वारीत उतरतं. इतरांना त्याचं काहीच वाटत नाही. सिलिअ‍ॅक रोग असलेल्याला मात्र तेवढंही बाधू शकतं. गहू, जव आणि राय यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे त्याची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते आणि अन्नरस शोषणारे रसांकुर झिजतात. रोज फक्त 50 मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेलं, तरी आतड्याला इजा होते, असं 2007 सालच्या एका अभ्यासात दिसलं. 30 ग्रॅम कणकेच्या पोळीत अडीच-तीन ग्रॅम ग्लुटेन असतं. म्हणजे पोळीचा पन्नासावा भागसुद्धा पुरेसा. डबीतल्या हिंगातही बऱ्याचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, आणि फोडणीत त्याची आठवण कोणाला राहते?

भारतभरातल्या 23 हजारांहून अधिक प्रौढांच्या तपासणीत उत्तरेत 1.23 टक्के, तर दक्षिणेत 0.10 टक्के लोकांना हा रोग आढळला. रोगाला लागणारी जनुकं दोन्हीकडे जवळपास सारख्याच प्रमाणात होती. फरक होता तो ताटात: उत्तरेत माणशी रोज सरासरी 455 ग्रॅम गहू, दक्षिणेत 25. मीरा-भाईंदरमध्ये ही दोन्ही ताटं शेजारी-शेजारी आहेत. उत्तनच्या कोळीवाड्यात भात आणि तांदळाची भाकरी, तर राजस्थान-गुजरातहून आलेल्या घरांत फुलके.

आज यावर उपचार एकच: ग्लुटेन आयुष्यभर वर्ज्य. तरीही अनेकांचं पोटदुखी, जुलाब, थकवा काही हटत नाही. कधी दूध पचत नसतं, कधी आतड्यात जिवाणू माजलेले असतात. पण सर्वांत जास्त वेळा कारण निघतं ते नकळत पोटात गेलेलं ग्लुटेन. अशा रुग्णांसाठी पथ्याच्या जोडीला औषध हवं. ते तपासणं मात्र फार अवघड ठरलं आहे.

लॅटिग्लुटेनेज हे औषध म्हणजे पोटातच ग्लुटेनचे तुकडे करणाऱ्या दोन विकरांची जोडी. निदान वर्षभर पथ्य पाळूनही त्रास होणाऱ्या 494 रुग्णांवर त्याची चाचणी झाली. निकाल असा, की औषध घेणाऱ्यांचं आतडं सुधारलं आणि बिनऔषधाचा डोस घेणाऱ्यांचंही. चाचणीत नाव घातलं, आपल्यावर कोणाची तरी नजर आहे हे कळलं, की माणूस पथ्य अधिक कसोशीने पाळू लागतो. मग औषधाचा गुण कुठला आणि पथ्याचा कुठला, हे वेगळं काढता येत नाही. मला यात औषधाच्या अपयशापेक्षा रुग्णांची रोजची ओढाताण जास्त दिसते.

लाराझोटाइडची गोष्टही अशीच. आतड्याच्या पेशींमधल्या फटी घट्ट करणारं हे औषध 342 रुग्णांच्या चाचणीत अर्ध्या मिलिग्रॅमच्या डोसात उपयोगी दिसलं. एक आणि दोन मिलिग्रॅमच्या डोसांत मात्र नाही! अंतिम टप्प्याची चाचणी 2022 मध्ये थांबवावी लागली, कारण फरक सिद्ध करायला लागणाऱ्या रुग्णांची संख्या आवाक्याबाहेर गेली होती.

ही अडचण टाळायचा एक उलटा मार्गही आहे: ग्लुटेन मुद्दाम, मोजून द्यायचं. झेड्-ई-डी 1227 हे औषध ग्लुटेनला अधिक घातक रूप देणाऱ्या विकराला अडवतं. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांनी सहा आठवडे रोज तीन ग्रॅम, म्हणजे सुमारे एका पोळीइतकं ग्लुटेन खाल्लं. औषध घेणाऱ्यांच्या रसांकुरांची झीज कमी झाली. पण या रुग्णांचा रोग आधीपासून आटोक्यात होता. पथ्य पाळूनही ज्यांचा त्रास थांबत नाही, त्यांना या औषधाने आराम पडेल का, हे अशाच रुग्णांवर पाहावं लागेल. त्या वेळी कोणाच्या पोटात नकळत किती ग्लुटेन जातंय, याचा अंदाजही घेता येईल, कारण त्याचे न पचलेले अंश आता लघवीत आणि शौचात शोधता येतात.