विश्लेषण : मोबाइलवरची कोडी सोडवून मुले प्रोग्रामिंग शिकतात का?

शाळेतून आलेला मुलगा आईचा मोबाइल घेऊन खेळत बसला की घरात पहिला प्रश्न येतो, ‘अभ्यास कधी करणार?’ त्यावर ‘मी कोडिंगच शिकतोय’ असे उत्तर आले, तर पालकांना काय बोलावे ते सुचत नाही. लालबाग-परळच्या चाळींत अनेक घरांत लॅपटॉप नसतो, मोबाइल मात्र असतो. कोडिंगच्या क्लासची फी मोठी आणि खेळ मात्र फुकट किंवा स्वस्त. मग या खेळांतून खरेच काही हाती लागते का?

हे खेळ नेमके कसे असतात?

या प्रकारातील सर्वात परिचित खेळ म्हणजे ‘लाइटबॉट’. कॅनडातील डॅनी यारोस्लाव्स्की यांनी तो २००८ मध्ये संगणकासाठी तयार केला आणि २०१३ मध्ये तो मोबाइलवर आला. पडद्यावर चौकोनी फरश्या आणि एक छोटा रोबो असतो. पुढे जा, डावीकडे वळ, उजवीकडे वळ, उडी मार, दिवा लाव एवढेच त्याला कळते. ही चित्रे क्रमाने मांडायची आणि बटण दाबायचे. सर्व निळ्या फरश्या उजळल्या की कोडे सुटले. रोबो स्वतःची अक्कल चालवत नाही. सूचना चुकली तर तो भिंतीवर आपटत राहतो. टाइप करावे लागत नसल्याने इंग्रजी न येणारे मूलही खेळू शकते. ‘ह्यूमन रिसोर्स मशीन’ (२०१५) हा खेळ थोड्या मोठ्या मुलांसाठी आहे. त्यात कार्यालयातील कर्मचाऱ्याला आकड्यांची ने-आण करायला लावावी लागते.

यात प्रोग्रामिंग कुठे आले?

चाळीतले उदाहरण घेऊ. गणपतीचा प्रसाद वाटायचा आहे. तीन मजले, प्रत्येक मजल्यावर २० खोल्या आणि गॅलरीच्या दोन्ही टोकांना जिने. प्रत्येक खोलीपाशी तीन कामे : दार वाजव, प्रसाद दे, पुढे जा. एकेक सूचना लिहीत गेलो तर ६० खोल्यांच्या १८० आणि दोनदा जिना चढण्याच्या दोन, अशा १८२ सूचना होतील.

आता त्या तीन कामांना ‘खोली’ असे नाव देऊ. ‘मजला’ म्हणजे ‘खोली’ २० वेळा करून जिना चढणे. मग मुख्य सूचना एकच उरते : ‘मजला’ तीन वेळा कर. १८२ सूचनांचे काम सहा ओळींत झाले. कामाच्या गटाला नाव देणे याला ‘प्रोसीजर’ म्हणतात आणि तेच पुन्हा पुन्हा करणे म्हणजे ‘लूप’. लाइटबॉटमध्ये सूचनांसाठी मोजक्याच चौकटी दिलेल्या असतात. त्यामुळे मुलाला हे गट शोधावेच लागतात.

या सहा ओळींत एक चूकही दडली आहे. तिसरा मजला संपल्यावर मुलगा पुन्हा जिना चढेल आणि प्रसादाचे ताट घेऊन थेट गच्चीवर पोहोचेल! माणूस अशा वेळी आपोआप थांबतो, यंत्र थांबत नाही. अशी चूक शोधून दुरुस्त करणे म्हणजे ‘डीबगिंग’. प्रोग्रामरचा बराच वेळ त्यातच जातो. ‘दाराला कुलूप असेल तर शेजारी प्रसाद ठेव’ ही सूचना म्हणजे अट. लूप, अट आणि नाव दिलेले गट यांवर मोठमोठी सॉफ्टवेअरही उभी असतात.

ही कल्पना गिरणगावाला नवी आहे का?

मुळीच नाही. फ्रान्समधील जोसेफ मारी जेकार्ड यांनी १८०४ मध्ये मागाला छिद्रे पाडलेली कार्डे जोडली. छिद्र असेल तिथला उभा धागा उचलला जाई, नसेल तिथला खाली राही. कार्डांची माळ बदलली की नक्षी बदले, माग तोच राही. गिरण्यांच्या साचेखात्यात नक्षीदार कापडासाठी याच तत्त्वावरची यंत्रे वापरली जात. चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी ही कार्डांची कल्पना उचलली आणि एडा लव्हलेस यांनी १८४३ मध्ये त्या यंत्राला आकडेमोड कशी करायला लावता येईल, हे टप्प्याटप्प्याने लिहून दाखवले. अनेक जण त्याला पहिला संगणक प्रोग्राम मानतात.

खेळाने मूल हुशार होते का?

इथे सावध राहायला हवे. मुलांसाठीची ‘लोगो’ ही भाषा १९६७ मध्ये आली. ती शिकल्याने मुलांची एकूण विचारशक्तीच सुधारेल, अशी मोठी आशा पुढे निर्माण झाली. न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजमधील रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी १९८४ च्या सुमारास ते तपासले. वर्गाच्या साफसफाईच्या कामांचे नियोजन मुलांना करायला दिले, तेव्हा लोगो शिकलेली मुले न शिकलेल्यांपेक्षा सरस ठरली नाहीत. एका ठिकाणी शिकलेले तर्कशास्त्र दुसरीकडे आपोआप लागू होत नाही, ते कोणीतरी जोडून दाखवावे लागते. खेळाची आणखी एक मर्यादा आहे. त्यात कोडे तयार मिळते. खऱ्या कामात ‘नेमके काय सोडवायचे’ हेच आधी ठरवावे लागते.

मग क्लास लावावा का?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावीपासूनच्या टप्प्यात कोडिंगचा उल्लेख आला आणि पालकांची धास्ती वाढली. त्याच वर्षी मुंबईस्थित ‘व्हाइटहॅट ज्युनियर’ कंपनीच्या काही जाहिराती जाहिरात मानक परिषदेकडे तक्रारी झाल्यानंतर मागे घेण्यात आल्या. लहान वयात कोट्यवधींचे पॅकेज मिळाल्याच्या कहाण्यांना भुलून कर्ज काढण्याची गरज नाही.

फुकट मार्ग आधी संपवावेत. ‘एसीएम इंडिया’ या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेच्या ‘सीएसपाठशाला’ उपक्रमाचे शाळांसाठीचे साहित्य मराठीतही आहे आणि त्यातील बरेच संगणकाशिवाय शिकवता येते. २००४ मध्ये लिथुआनियात सुरू झालेली ‘बेब्रास’ ही कोड्यांची स्पर्धाही हाच उपक्रम भारतात घेतो. घरातल्या घरात एक कसोटी लावता येते. बटण दाबण्याआधी मुलाला विचारावे, ‘रोबो कुठे थांबेल?’ उत्तर बरोबर आले तर ते विचार करत आहे. चूक निघाली तर कोणत्या सूचनेपाशी बिघडले, हे त्यालाच शोधू द्यावे. नुसती बटणे बदलून पातळी पार होत असेल, तर तो विरंगुळा आहे.

पुढची पायरी कोणती?

कोडी संपली की स्वतःचे काही बनवायला हवे. एमआयटीची ‘स्क्रॅच’ ही मोफत प्रणाली २००७ पासून उपलब्ध आहे. तिच्यात मूल स्वतः खेळ किंवा गोष्ट रचते. त्यासाठी संगणक किंवा टॅब सोयीचा, म्हणजे शाळेची संगणक प्रयोगशाळा मुलांना वापरायला मिळते का, हे पालकांनी विचारायला हवे. ॲपवर मात्र फार विसंबू नये. गुगलने २०१८ मध्ये आणलेले ‘ग्रासहॉपर’ हे मोफत ॲप २०२३ मध्ये बंद झाले.

कृत्रिम बुद्धिमत्ता आता कोड लिहून देते, मग हे शिकायचे कशाला, असाही प्रश्न येतो. पण लिहून मिळालेल्या कोडमधला ‘गच्चीवर जाणारा’ मुलगा ओळखायला ते वाचणारा माणूस लागतो. खेळातून ती सवय सुरू होऊ शकते. ती टिकते की नाही, हे मात्र खेळ संपल्यावर मुलाला काय करायला मिळते यावर ठरेल.