रोंडेची वाट

शर्यतीच्या आठवड्यात फ्लँडर्समधली वर्तमानपत्रे एक तक्ता छापतात. डावीकडे गावांची आणि चढांची नावे, उजवीकडे नुसत्या वेळा. सरासरी वेग कमी राहिला तर सायकलस्वार या वळणावर किती वाजता येतील, मध्यम राहिला तर किती, आणि वाऱ्याने साथ दिली तर किती. बेल्जियमच्या उत्तरेकडच्या, डच बोलणाऱ्या या प्रदेशात रोंडे फान फ्लांडरेन, म्हणजे फ्लँडर्सची फेरी, बहुधा एप्रिलच्या पहिल्या रविवारी निघते. सुमारे २७० किलोमीटरची एकदिवसीय शर्यत. तो तक्ता हाताशी ठेवून घराघरांत एकच खल चालतो: उभे कुठे राहायचे?

प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. सपाट रस्त्यावर दीडशे-पावणेदोनशे सायकलस्वारांचा घोळका ताशी पंचेचाळीसच्या वेगाने येतो आणि अर्ध्या मिनिटात संपतो. आपला लाडका खेळाडू त्यात दिसला की नाही, हेही धड कळत नाही. म्हणून जाणती माणसे चढ धरतात. चढावर वेग पडतो, घोळका फाटतो, चेहरे दिसतात, श्वास ऐकू येतो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत ‘घाटाचा राजा’ कोण होतो ते बघायला ज्यांनी बोरघाटात वळण पकडले असेल, त्यांना हे वेगळे सांगायला नको. फ्लँडर्समधले चढ बोरघाटाच्या मानाने अगदी बुटके, पण विलक्षण तीव्र. आणि बरेचसे ओबडधोबड दगडी फरसबंदीचे. पाटरबर्ग जेमतेम ३६० मीटरचा, पण सरासरी चढ जवळजवळ १३ टक्के आणि एका जागी २० टक्क्यांच्याही वर. औदे क्वारेमोंट लांब, २२०० मीटरचा. तो चिवटपणे पाय मोडतो. अलीकडच्या मार्गात पुरुषांची शर्यत क्वारेमोंट तीनदा चढते. एकाच जागी उभे राहून तीनदा दर्शन होणार असेल, तर सकाळपासून थंडीत ताटकळणे परवडते.

हा सगळा व्यवहार ज्या माणसाने सुरू केला, त्याला खरे तर वर्तमानपत्र खपवायचे होते. त्याचे मूळ नाव कारेल स्टेयार्ट. ‘कारेल फान वेनेंडाले’ हे त्याचे लेखणीतले नाव. घर गरिबीचे, भावंडांचे लेंढार, शाळा लवकर सुटलेली. १९१२ मध्ये ‘स्पोर्टवेरेल्ड’ हे क्रीडापत्र निघाले आणि तो त्याचा प्राण झाला. त्याच वर्षी ओडिल डेफ्रे नावाच्या फ्लेमिश, म्हणजे फ्लँडर्सच्या, गड्याने टूर द फ्रान्स जिंकली होती. बेल्जियमचा तो पहिलाच विजेता. पण बेल्जियमचे सरकार-दरबार, न्यायालये, उच्च शिक्षण मुख्यतः फ्रेंचमधून चाले. गेंटच्या विद्यापीठात डच ही शिकवण्याची भाषा व्हायला १९३० साल उजाडावे लागले. अशा काळात शेतमजुरांच्या आणि विणकरांच्या भाषेत क्रीडापत्र काढायचे आणि त्यांच्याच मुलांना नायक करायचे, यात धंदा होता आणि अस्मिताही. दोन्ही एकमेकांना पूरक ठरली, हे मान्य करायला हरकत नसावी.

पहिली रोंडे २५ मे १९१३ रोजी गेंटमधून निघाली. ३७ स्वार, सुमारे ३३० किलोमीटरची फेरी, आणि शेवट मारियाकेर्केच्या लाकडी धावपट्टीवर. तिकिटे विकता यावीत म्हणून शेवट बंदिस्त जागेत ठेवला होता. तरी जमलेल्या पैशांतून बक्षिसांची रक्कम भागली नाही. बारा तासांहून अधिक काळ सायकल हाणून पॉल डेमान जिंकला. पुढे पहिल्या महायुद्धात हाच डेमान सायकलवरून गुप्त कागद तटस्थ नेदरलँड्समध्ये पोचवायचा. जर्मनांनी त्याला पकडले, देहदंडाची शिक्षा झाली. शस्त्रसंधी झाली म्हणून वाचला. १९२० मध्ये त्याने पॅरिस-रुबे ही शर्यत जिंकली. एवढ्या आयुष्यावर कादंबरी सहज झाली असती, पण फ्लँडर्समध्ये त्याचे नाव शर्यतीच्या विजेत्यांच्या यादीतच शोधतात.

दुसऱ्या महायुद्धात रोंडे थांबली नाही. जर्मन अमलाखालीही ती दरवर्षी झाली, आणि तेच नंतर अंगाशी आले. शत्रूच्या परवानगीने शर्यत भरवली, हा आरोप युद्धानंतर वेनेंडालेवर आला. पत्रकारिता करायला बंदी झाली. त्याने ब्रिटिश वैमानिकांना आपल्या घरी लपवले होते, असे फील्ड मार्शल माँटगोमेरीचे पत्र आले तेव्हा ती उठली. शर्यत कोणाची, हा वाद रोंडेला काही नवा नाही.

वाट पाहणाऱ्या लोकांना याबद्दल शंका नसते. शर्यत आपली. या भावनेचा सगळ्यात ठोस पुरावा पाटरबर्गच आहे. एका शेतकऱ्याला रोंडे आपल्या दारावरून जायला हवी होती. कोपेनबर्गचा दगडी चढ शर्यतीत प्रसिद्ध झालेला. आपल्याकडचा मातीचा उतार त्याच्यापेक्षा कमी नाही, असे त्याचे म्हणणे. मग त्या वाटेवर दगड बसवले गेले, आयोजकांना दाखवले गेले, आणि १९८६ मध्ये शर्यत तिथून गेली. त्या वर्षी आद्री फान डर पूल जिंकला. आज त्याच चढाच्या शेवटच्या फेरीत रोंडेचा निकाल लागतो. तिथून अंतिम रेषा फक्त तेरा-एक किलोमीटरवर असते. आणि आद्रीचा मुलगा माथ्यू याने २०२०, २०२२ आणि २०२४ अशी तीनदा रोंडे जिंकली. दारावरून शर्यत जावी म्हणून रस्ताच घालणारा माणूस! चाहत्यांच्या हट्टाबद्दल समाजशास्त्रज्ञ काय लिहायचे ते लिहोत, मला ही एकच गोष्ट पुरते.

कोपेनबर्गची कथा अशीच, पण कडवट. ६०० मीटरच्या या चढाची तीव्रता मध्येच २२ टक्क्यांपर्यंत जाते. रस्ता इतका अरुंद की पुढचा एक पडला, तर मागचे सगळे सायकल खांद्यावर घेऊन पायी चढतात. १९८७ मध्ये डेन्मार्कचा येस्पर स्किबी एकटाच पुढे होता. तो इथे कोलमडला आणि मागून येणारी अधिकाऱ्यांची गाडी थांबण्याऐवजी त्याच्या सायकलवरून गेली. पाय थोडक्यात वाचला. बघणारे खवळले. त्यानंतर कोपेनबर्ग मार्गातून वगळला गेला आणि दगड नव्याने बसवल्यावर २००२ मध्येच परतला. त्या सगळ्या वर्षांत लोक त्याची चौकशी करायचे थांबले नाहीत.

पण खरा भडका उडाला तो खेरार्ड्सबर्गेनच्या म्यूरवरून. म्यूर म्हणजे भिंत. गावाच्या मध्यातून हा चढ वर जातो, आणि माथ्यावर ऑडेनबर्गच्या मारियाचे छोटे देऊळ आहे. शर्यतीचा शेवट १९७३ पासून मेरबेकेला असायचा. शेवटाच्या जवळ म्यूर, मग बोसबर्गचा चढ, मग निकाल. देवळाच्या पायथ्याशी कोण पुढे आहे, यावर पिढ्यांनी पैजा लावल्या. २०१० मध्ये फाबियान कान्चेलाराने टॉम बोनेनला तिथेच मागे टाकले, तो क्षण चाहत्यांना तोंडपाठ आहे. आणि २०१२ साठी आयोजकांनी शेवट औदेनार्देला नेला. क्वारेमोंट आणि पाटरबर्ग यांची आवर्तने आली, म्यूर गळाला. खेरार्ड्सबर्गेनमध्ये चाहत्यांनी निषेध म्हणून शवपेटी काढली, म्यूरची अंत्ययात्रा!

आयोजकांचे गणित स्पष्ट होते. मंडप उभारून पैसे भरणाऱ्या पाहुण्यांना जेवण-पेय देता देता शर्यत तीनदा दाखवायची, तर ती त्यांच्यासमोरून तीनदा जायला हवी. आज क्वारेमोंटच्या कुरणांत पांढऱ्या मंडपांची रांगच असते. शर्यतीच्या बहुतांश वाटेवर कडेला उभे राहायला तिकीट नाही, आणि ते नसावे असेच लोकांना वाटते. पण सायकलच्या संघांना मैदान नाही, म्हणून दारावरची तिकीटविक्रीही नाही. पैसा कुठून तरी यायला हवा. मला स्वतःला मंडप नापसंत आहेत. तरी चढांची आवर्तने शर्यतीला मारक ठरली नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. गेल्या काही वर्षांतली क्वारेमोंटवरची झुंज जुन्या म्यूरपेक्षा कमी नाही. २०१७ मध्ये म्यूर परत आला, पण शेवटापासून ९५ किलोमीटर अलीकडे. मानाचा, निकालाचा नाही. त्याच वर्षी फिलिप झिल्बेर सुमारे ५५ किलोमीटर एकटा पुढे राहिला आणि अंतिम रेषा सायकल डोक्यावर उचलून पायी ओलांडली.

वाट पाहण्याचा हंगाम मात्र त्या रविवारपुरता नसतो. फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या पहिल्या दिवशी ओम्लूप ही शर्यत होते. दगडावर पहिले चाक पडते. पुढच्या आठवड्यांत हारेलबेकेची ई-थ्री, गेंट-वेवेलगेम आणि रोंडेच्या आधीच्या बुधवारची ‘द्वार्स डोर फ्लांडरेन’. प्रत्येक शर्यत स्वतंत्र असते आणि प्रत्येकीकडे लोक रोंडेचा अंदाज म्हणून बघतात. कोण क्वारेमोंटवर बसून चढला, कोण उभा राहिला, कोणी शेवटी हात झटकले, यावर कॉफीगृहांत आणि चाहत्यांच्या मंडळांत वाद चालतो. मंडळे खेळाडूच्या गावातल्याच बारमध्ये भरतात; भिंतीवर त्याच्या जर्सी, सायकली, फोटो.

ही आशा किती ठिसूळ असते ते २०२४ ने दाखवले. २७ मार्चला, रोंडेच्या चार दिवस आधी, द्वार्समध्ये घोळका उतारावर कोसळला आणि वाउट फान आर्ट रस्त्यावर पडून राहिला: खांद्याजवळचे हाड मोडलेले, छातीचे हाड आणि बरगड्याही. अँटवर्प प्रांतातला हा खेळाडू २०२० मध्ये रोंडे काही सेंटिमीटरनी हरला होता. तेव्हापासून आता याची पाळी, असे ऐकू येत होते. बुधवारच्या त्या एका क्षणात अर्ध्या फ्लँडर्सचा रविवार रिकामा झाला. पुढच्या वर्षी तीच द्वार्स, तोच फान आर्ट. दोन सहकाऱ्यांसह तो आघाडीवर, चौथा नीलसन पॉलेस, अमेरिकेचा, सहकाऱ्यांविना एकटाच, आणि शेवटच्या धावेत पॉलेस जिंकला. चार दिवसांनी रोंडेत फान आर्ट चौथा आला. पहिला तादेई पोगाचार, स्लोव्हेनियाचा. तो टूर द फ्रान्स जिंकणारा डोंगरांचा माणूस, पण दगडी चढांवरही त्याने २०२३ आणि २०२५ अशी दोनदा सगळ्यांना मागे सोडले.

हवामानाचेही तसेच. आम्ही पावसाला घाबरून शर्यती पुढे ढकलतो. तिथले चाहते पावसाची, उलट्या वाऱ्याची आशा करतात. १९८५ मध्ये इतका गारठा आणि पाऊस होता की फक्त २४ जण शेवटपर्यंत पोचले. एरिक फान्डरार्डन जिंकला. १९६१ मध्ये वाऱ्याने अंतिम रेषेवरचा फलकच पाडला, आणि टॉम सिम्पसनकडून हरलेला इटालियन डेफिलिप्पिस रेषा कुठे आहे ते कळले नाही म्हणून चिडला. असल्या दिवशी वर्तमानपत्रातला तक्ता चुकतो, आणि चाहते त्याबद्दल तक्रार करत नाहीत.

एकदा मात्र सगळे तक्ते निरुपयोगी झाले. करोनामुळे २०२० ची रोंडे १८ ऑक्टोबरला झाली आणि लोकांना घरी राहायला सांगितले गेले. २०२१ मध्येही लोकांना घरीच राहायला सांगितले गेले. २०२० ची शर्यत उत्तम झाली. माथ्यू आणि वाउट यांची सेंटिमीटरांनी निकाल लागलेली धाव तीच. चढांच्या कडेला मात्र कोणी नव्हते.

एरवी त्या कडेला पिवळे झेंडे असतात, फ्लँडर्सच्या काळ्या सिंहाचे. काही झेंडे घरचे, काही फ्लेमिश राष्ट्रवादी संघटनांनी दूरदर्शनच्या कॅमेऱ्यांसाठी वाटलेले, आणि हातात घेणाऱ्यांपैकी किती जणांना हा फरक माहीत असतो, कोण जाणे. त्या सिंहाला पुरुषांच्या शर्यतीत बऱ्याच वर्षांत आनंद नाही. २०२५ पर्यंत शेवटचा बेल्जियन विजेता २०१७ चा झिल्बेर, आणि तो फ्रेंच बोलणाऱ्या वालोनियाचा. शेवटचा फ्लेमिश विजेता २०१२ चा बोनेन. वेनेंडालेने ज्यांच्यासाठी शर्यत काढली, त्यांच्या वाट्याला अलीकडे मुख्यतः डच, स्लोव्हेनियन आणि डॅनिश नावे आली.

स्त्रियांची रोंडे २००४ पासून होते, आणि अलीकडे ती पुरुषांच्या नंतर संपते. २०२२ मध्ये माथ्यू फान डर पूलने रेषा ओलांडल्यावर अनेकांनी वाहतुकीत अडकू नये म्हणून गाड्या काढल्या. जे थांबले, त्यांनी लोटे कोपेक्की पाहिली: अँटवर्प प्रांतातली, बेल्जियमच्या विजेतीची काळी-पिवळी-लाल जर्सी अंगात, आन्नेमीक फान फ्लोयटनला शेवटच्या धावेत हरवून. २०२३ मध्ये ती पुन्हा जिंकली, आणि २०२५ मध्ये पुन्हा. वाट पाहणाऱ्यांना फ्लेमिश विजय हवा होता. २०२२ मध्ये तो सुमारे तासाभराने आला होता, आणि तोवर काही जण महामार्गावर होते.