'त'चं गाणं की 'ट'चं?

मंडळी, गाण्याच्या भेंड्यांशिवाय पार पडलेलं मराठी पॉटलक मला तरी आठवत नाही. जेवणं होतात, श्रीखंडाच्या वाट्या चाटूनपुसून होतात आणि कुणीतरी म्हणतं, "चला, दोन पार्ट्या पाडा." मग बेसमेंटमधल्या कार्पेटवर पुणं, मुंबई आणि नागपूर मांडीला मांडी लावून बसतात.

१९९६ सालच्या हिवाळ्यात न्यू जर्सीतल्या आमच्या घरी अशीच बैठक रंगली होती. एका पार्टीनं गाणं 'त'वर आणून सोडलं. समोरची मंडळी आढ्याकडे बघत बसली. तेवढ्यात त्यांच्यातल्या माझ्या दहा वर्षांच्या मुलीनं घोड्याच्या टापांचं ते आपल्या सर्वांना पाठ असलेलं बालगीत मोठ्या उत्साहानं सुरू केलं. पंच मी होतो. "अगं, हे 'ट'चं गाणं. आलाय 'त'. चढली भेंडी!" सगळे हसले. मीही हसलो. ती म्हणाली, "बाबा, पण दोन्ही सेमच तर आहेत!" त्यावर आणखी हशा. त्यानंतर भेंड्यांची वेळ झाली, की ती गुपचूप वर आपल्या खोलीत निघून जायची.

तिला खरोखरच दोन्ही सारखे ऐकू येत होते, हे कळायला मला एक जपानी माणूस भेटावा लागला.

आमच्या कंपनीत ओसाकाहून आलेले एक इंजिनियर होते. एक प्रोजेक्ट संपला म्हणून ते आम्हां सर्वांना जपानी हॉटेलात कराओकेसाठी घेऊन गेले. टेबलावर टेलिफोन डिरेक्टरीएवढा जाडजूड ग्रंथ पडला होता. ती गाण्यांची यादी होती, आणि गाणी लावली होती नावातल्या पहिल्या ध्वनीप्रमाणे. "क्रम कोणता?" मी विचारलं. त्यांनी बोटांवर मोजून दाखवला: अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व.

मी चमकलो. हा तर आपल्याच वर्णमालेचा सांगाडा! आधी स्वर, मग घशापासून ओठांकडे येणारी व्यंजनं, शेवटी य-र-व. पुढे वाचल्यावर उलगडा झाला. बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृत मंत्र आणि सिद्धम् लिपी जपानला पोचली, आणि तिच्या अभ्यासातून जपानी अक्षरांचा हा क्रम बसला, असं अभ्यासक मानतात. 'च'च्या जागी 'स' आणि 'प'च्या जागी 'ह' दिसतो, कारण त्या ध्वनींचे जुने उच्चार 'च' आणि 'प'च्या जवळचे होते.

मग मी त्यांना भेंड्यांचा खेळ समजावून सांगितला. ते म्हणाले, "आमच्याकडे शिरितोरी आहे." शिरितोरी म्हणजे शेपूट पकडणं: मागच्या शब्दाच्या शेवटच्या अक्षरावरून नवा शब्द. जपानीत एकही शब्द सुट्ट्या 'न्'नं सुरू होत नाही, म्हणून ज्याचा शब्द 'न्'वर संपला तो बाद. आपल्याकडे 'ळ' आणि 'ण' यांची हीच अडचण आहे, पण आपण तडजोडीची माणसं. 'ळ'ला 'ल' घ्या, 'ण'ला 'न' घ्या आणि पुढे चला. फक्त 'ट'ला 'त' घेऊ देत नाही!

पण भेंड्यांचं खरं जपानी भावंडं आहे ते 'करुता'. जपानीत 'उता' या शब्दाचा अर्थ गाणंही होतो आणि कविताही. तेराव्या शतकात फुजिवारा नो तेइका यानं शंभर कवींची प्रत्येकी एक अशा शंभर उतांची निवड केली. नववर्षाला त्यांचे पत्ते मांडून खेळतात. वाचणारा कविता सुरुवातीपासून म्हणतो. जमिनीवरच्या पत्त्यांवर मात्र फक्त तिचा उत्तरार्ध असतो. कविता ओळखून जो आधी पत्ता उडवील, त्याचा पत्ता. यातल्या सात कवितांचं पहिलं अक्षर इतर कशाचंच नाही: मु, सु, मे, फु, सा, हो, से. ते कानावर पडताच हात सुटतो. उलट, 'अ'नं सुरू होणाऱ्या कविता तब्बल सोळा. तिथे दुसऱ्या, तिसऱ्या अक्षरापर्यंत थांबावं लागतं. सहा कविता तर अशा आहेत, की सहावं अक्षर ऐकल्याशिवाय निवाडाच होत नाही. कसलेला खेळाडू ते अक्षर पुरतं उच्चारलं जायच्या आत ओळखतो म्हणे.

या कवितांना वेगळी नावं नाहीत. पहिले शब्द हीच त्यांची ओळख. आपलंही तेच नाही का? भावगीताला आपण मुखड्यानंच हाक मारतो. तुकारामांच्या गाथेच्या बहुतेक आवृत्त्यांत शेवटी अभंगांच्या पहिल्या शब्दांची अकारविल्हे सूची असते. आजीच्या डोक्यातही तीच सूची होती, फक्त छापलेली नव्हती. गाण्याचं पहिलं अक्षर हे कोठारघराच्या किल्लीसारखं असतं. अक्षर नीट ऐकू आलं, तर दार उघडतं.

आणि किल्ली बदलली, तर काय होतं याचं उदाहरण इथे अमेरिकेतच घडलं. १९६३च्या जूनमध्ये क्यू साकामोतो या गायकाचं एक जपानी गाणं बिलबोर्डच्या यादीत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. त्याचं मूळ नाव 'उए ओ मुइते अरुको', म्हणजे 'वर बघत चालू या'. डोळ्यांतलं पाणी ओघळू नये म्हणून वर बघत चालणाऱ्या एकट्या माणसाचं ते गाणं. इकडच्या जिभांना नाव पेलेना, म्हणून गाणं विकलं गेलं 'सुकियाकी' या नावानं. सुकियाकी हा मांसाचा एक रस्सेदार पदार्थ. गाण्यात त्याचा कुठे मागमूस नाही. जपानी यादीत ते 'उ'खाली सापडेल, अमेरिकेत 'स'खाली. "तुमच्या एखाद्या विरहगीताला कुणी 'पिठलं' म्हणावं, तसं हे," असं मी म्हटल्यावर आमचे यजमान खळखळून हसले.

मग थोडे गंभीर झाले. म्हणाले, "खरं सांगू? मीटिंगमध्ये तुम्ही 'राइट' म्हणालात की 'लाइट', हे मला अजूनही कळत नाही. मी संदर्भावरून अंदाज करतो." पन्नाशीचा हुशार माणूस शांतपणे हे सांगत होता, आणि मला माझ्या बेसमेंटमधला तो हशा आठवला.

कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा १९८४ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मी नंतर वाचला. इंग्रजी घरांतली सहा ते आठ महिन्यांची बाळं हिंदीतले 'त' आणि 'ट' वेगळे ओळखत. वर्षाची होत आली, की बहुतेकांची ही ओळख पुसट होई. इंग्रजीत जीभ दातांना लावलेला 'त' आणि जीभ वळवलेला 'ट' असा भेदच नाही. त्यांचा 'टी' दोहोंच्या मधला. जो फरक कामाचा नाही, तो बाळाचे कान सोडून देतात. जपानी बाळांच्या बाबतीत इंग्रजी 'र' आणि 'ल' यांचं हेच होतं. मोठेपणी सरावानं हा भेद काही प्रमाणात शिकता येतो, पण कष्ट पडतात.

आता आमची चूक सांगतो. मुलगी सहा महिन्यांची असताना तिला डे-केअरमध्ये घातलं. तिथल्या बाईंनी सांगितलं, "घरीही इंग्रजीच बोला, दोन भाषांनी मूल गोंधळतं." आम्ही दोघं उच्चशिक्षित, तरी मुकाट्यानं ऐकलं. नेमक्या त्याच महिन्यांत तिच्या कानांवरून 'त' आणि 'ट' पुसले गेले असतील. मग दहा वर्षांनी तिला भेंडी चढवणारा पंच मीच!

सिएटलच्या पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली आणखी एक गोष्ट दाखवली. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी माणसं बारा वेळा प्रत्यक्ष येऊन बोलली, खेळली. ती बाळं चिनी ध्वनी ओळखू लागली. तेच टीव्हीवर किंवा टेपवर ऐकवलं, तेव्हा काही उपयोग झाला नाही. म्हणजे आपण हौसेनं आणलेल्या बालगीतांच्या कॅसेटी चांगल्याच, पण त्या एवढ्या लहान बाळासमोर नुसत्या लावून भागत नाही. तोंडासमोर तोंड लागतं.

गेल्या वर्षी मुलीला मुलगा झाला. एके दिवशी मी तिला हे सारं सांगितलं, आणि त्या रात्रीबद्दल माफीही मागितली. ती म्हणाली, "बाबा, मला अजूनही त्यातला कुठला कुठला ते कळत नाही. पण तू आणि आई त्याच्याशी बोला ना, मराठीतच." आता दर रविवारी दीड तास गाडी हाणून आम्ही जातो आणि दिवसभर नातवाशी मराठीत बडबडतो.

दिवाळीत पुन्हा भेंड्या झाल्या. मुलगी बाळाला घेऊन खाली आली. 'त' आला. तिनं माझ्याकडे बघितलं आणि तेच घोड्याचं गाणं सुरू केलं. कुणीतरी हरकत घेतली. मी म्हटलं, "आमच्या घरात चालतं. पंचाचा निर्णय अंतिम."