कोकणातील दोन वसाहती : भाषेची साक्ष

परक्या भूमीवर उतरलेला समाज तेथे खरोखर रुजला की नाही, हे त्याच्या तटबंदीपेक्षा त्याच्या भाषेवरून अधिक खात्रीने कळते. रायगड जिल्ह्यात याचे दोन नमुने शेजारी शेजारी नांदले.

पनवेलचे बेथ एल हे यहुदी प्रार्थनामंदिर १८४९ मधील आहे. ते बांधणारा बेने इस्राएल समाज मात्र त्यापूर्वी कित्येक पिढ्या कोकणवासी झालेला होता. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात जोडपी वाचली, असे त्यांची परंपरा सांगते. (परंपरेने 'जोडपी' म्हटले आहे, केवळ खलाशी नव्हेत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.) पुढे हे लोक घाण्यावर तेल गाळू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून 'शनिवार तेली' या नावाने ओळखले गेले. या नावातच त्यांच्या यशाचे मर्म आहे. 'तेली' या शब्दाने गावगाड्यात जागा मिळाली; 'शनिवार' या शब्दाने वेगळेपण राखले. हिब्रू भाषा ते जवळजवळ विसरले; शब्बाथ, सुंता व 'शेमा' ही प्रार्थना एवढे मात्र टिकले. घरची भाषा मराठी झाली. आडनावेही अस्सल कोकणी घडणीची : दिवेकर, किहीमकर, रोहेकर, पेणकर. ग्रामनामास 'कर' हा प्रत्यय लागणे म्हणजे त्या गावचे म्हणून मान्यता पावणेच होय.

पोर्तुगीजांचे उलट घडले. १५२१ मध्ये त्यांनी चौल येथे कोट बांधण्यास आरंभ केला. आरमार, तोफा, चर्च, काही उणे नव्हते. १७४० मध्ये ठाणे मराठ्यांच्या हाती आले आणि सत्ताधारी निघून गेले. खाडीपलीकडील कोर्लईचे ख्रिस्ती रहिवासी तेवढे मागे राहिले, आणि त्यांची पोर्तुगीजोद्भव बोली आजही बोलली जाते. तिचे शब्द बहुतांशी पोर्तुगीज. परंतु क्रियापद मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी येते. साम्राज्याच्या भाषेतले जे तगले, ते मराठीच्या चालीने चालावयास शिकलेले होते.

१९४८ नंतर बहुतेक बेने इस्राएल कुटुंबे इस्राएलला गेली. कोकणाने त्यांना हुसकले नव्हते. तेथे त्यांनी 'मायबोली' या नावाचे मराठी नियतकालिक काढले.