सणाच्या ताटाबाहेरची चवळी

वर्षाच्या पहिल्या दिवशी काय खाल्ले म्हणजे वर्षभर बरकत राहते, यावर जगाचे एकमत नाही. इटलीत ३१ डिसेंबरच्या रात्री मसूर शिजवतात. चपटे गोल दाणे नाण्यांसारखे दिसतात, म्हणून. स्पेनमध्ये मध्यरात्रीच्या बारा ठोक्यांबरोबर बारा द्राक्षे तोंडात टाकतात. आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात १ जानेवारीला चवळी खातात. हो, आपलीच चवळी. पांढरा दाणा, मध्ये काळा डोळा. ती भाताबरोबर शिजवायची, शेजारी पालेभाजी आणि मक्याचा पाव घ्यायचा. चवळी म्हणजे चिल्लर, पालेभाजी म्हणजे हिरव्या नोटा आणि पिवळा पाव म्हणजे सोने, असा त्यांचा हिशेब आहे.

आजऱ्याच्या बाजारात एका चहाच्या टपरीवर मी हे सांगत होतो. बाकावर एक वयस्कर शेतकरी बसले होते. त्यांनी बशीतला चहा संपवला आणि विचारले, "मग आमच्यात का न्हाई आला वो पैका? आम्ही तर वरीसभर तेच खातोय."

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पण तेव्हापासून ही चवळी डोक्यातून गेली नाही.

आपल्याकडे नव्या वर्षाचा पहिला घास कडू असतो. पाडव्याला कडुलिंबाची कोवळी पाने आणि मोहोर, त्यात गूळ, चिंच, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, जिरे, ओवा, हिंग, मीठ. पाट्यावर वाटायचे आणि बोराएवढी गोळी प्रत्येकाच्या तळहातावर ठेवायची. आमच्यापासून गडहिंग्लज ओलांडून संकेश्वराकडे गेले की कर्नाटक लागते. तिथे हेच ‘बेवु-बेल्ल’ या नावाने खातात, म्हणजे लिंब आणि गूळ. इटलीने नाणी मागावीत, अमेरिकेने नोटा मागाव्यात आणि आपण आधी कडू गिळून घ्यावे, यात आपला स्वभाव दिसतो असे मला वाटते. मात्र त्यानंतर जे ताट येते, त्यात आपणही काही कमी करत नाही. पुरणपोळी, कटाची आमटी, श्रीखंड, भजी, कुरडया. या ताटात चवळी कुठेच नसते. निदान आमच्या घरी नव्हती, आणि ती विसरल्यामुळे नव्हती असेही नाही.

आजरा तालुका म्हणजे घाटमाथ्याचा शेवट. पश्चिमेला आंबोली, खाली सावंतवाडी. पाऊस असा की चार महिने घोंगडे आणि इरले अंगावरून उतरायचे नाही. हिरण्यकेशीच्या काठाने भाताची खाचरे, वर टेकडीच्या उताराला नाचणा आणि वरी. चवळीसाठी कुणी वेगळे रान राखले नाही. ती बांधावर, परसात, दुसऱ्या पिकाच्या ओळीत, जिथे जागा उरेल तिथे टाकायची. दोन-अडीच महिन्यांत शेंग हाती येते. पाणी थोडे कमी पडले तरी ती रुसत नाही. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात, त्यामुळे जाताना जमिनीला काही देऊनच जाते. दाण्यात वजनाच्या जवळजवळ पाव हिस्सा प्रथिने. म्हणजे मटण परवडत नव्हते, त्या घरांना या दाण्यानेच उभे ठेवले.

आणि तिची गंमत अशी, की मराठीने तिला भाषेत मान दिला. सडपातळ, चपळ पोरीला आपण ‘चवळीची शेंग’ म्हणतो, कौतुकाने म्हणतो. ताटात मात्र तिला तो मान मिळाला नाही. घाटाखाली गोव्यात अळसांद्याचे तोणक लोक मिटक्या मारत खातात. घाटावर आमच्याकडे चवळी म्हणजे ‘घरात दुसरं काही नव्हतं’ हे सांगणारी भाजी.

माझी आई चवळीची आमटी फार चांगली करी. पण पाहुणा दारात दिसला की पातेले चुलीच्या मागे सरके आणि डाळ शिजत पडे. डाळ नसली तर शेजारून वाटीभर येई. १९७२ च्या दुष्काळात मी शाळकरी पोर होतो. रेशनवर अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो मिळायचा. आमच्या भागाला पावसाने अगदीच दगा दिला नव्हता, पण धान्याची तंगी सगळीकडेच होती. मिलोची भाकरी चिरफळायची आणि घशात अडकायची. ती खाली ढकलायला चवळीचे पाणी लागे. पुढे बरे दिवस आले. मिलो गेला तो कायमचा. चवळी राहिली, पण आईच्या मनात ती त्या वर्षाला चिकटूनच राहिली. एका पाडव्याला मी हट्ट धरला, की चवळीच कर. ती म्हणाली, "आज सणाचं चवळ्या कशाला? लोक म्हणतील, ह्यांच्यात डाळ न्हाई."

एक जानेवारीला चवळी मीही खाल्ली आहे, पण ती बँकेत. आजच्या तरुण कर्मचाऱ्यांना खरे वाटणार नाही, पण १९८९ च्या आधी बँकांचे वर्ष ३१ मार्चला नव्हे, ३१ डिसेंबरला संपत असे. मी तेव्हा नवा कारकून होतो. संगणक नव्हते. प्रत्येक खात्याचे व्याज हाताने काढायचे, लेजरची बेरीज जनरल लेजरशी जुळवायची. फरक साठ पैशांचा असो की साठ हजारांचा, तो सापडेपर्यंत कुणी घरी जात नसे. खरे तर साठ हजारांचा लवकर सापडतो. अशाच एका रात्री, दोन वाजून गेले असतील, शिपायाच्या घरून आधीच आलेला डबा उघडला गेला. नाचण्याच्या भाकरी आणि चवळीची घट्ट आमटी. थंडीचे दिवस, आमटी स्टोव्हवर पुन्हा उकळलेली. शाखाधिकाऱ्यांपासून शिपायापर्यंत सगळे एकाच टेबलाभोवती उभे राहून जेवले. त्या घटकेला तिकडे अमेरिकेतल्या बायकांनी नव्या वर्षासाठी हेच दाणे भिजत घातले असतील, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हते.

(पुढे वर्ष मार्चला गेले आणि क्लोजिंगची पाडव्याशी टक्कर सुरू झाली. १९९५ साली पाडवा नेमका १ एप्रिलला आला. त्या सकाळी आमच्यापैकी कित्येकांनी रात्रभर जागल्या डोळ्यांनी गुढी उभी केली.)

अमेरिकेत ही चवळी भाग्याची कशी झाली, ते वाचले तेव्हा मला आईचे पातेले आठवले. चवळी मूळची आफ्रिकेची. भारतात ती तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी आली आणि इथलीच झाली. अमेरिकेत मात्र ती गुलामांच्या जहाजांबरोबर गेली. पश्चिम आफ्रिकेतून पकडून नेलेली माणसे कॅरोलायनाच्या भातखाचरांत राबत. मालकांच्या शेतीतले काम संपले की खोपटाभोवतीच्या तुकड्यात स्वतःच्या पोटापुरते जे पिकवत, त्यात चवळी असे. भात आणि चवळी एकत्र शिजवण्याच्या त्यांच्या पदार्थाला ‘हॉपिन जॉन’ म्हणतात. १८४७ साली निघालेल्या ‘द कॅरोलायना हाउसवाइफ’ या पाकपुस्तकात तो आला, म्हणजे तोवर तो मालकिणींच्या स्वयंपाकघरातही पोचला होता.

मग १ जानेवारीच का? तिथे वेगवेगळ्या कथा सांगतात. गोऱ्यांची कथा यादवी युद्धातली. उत्तरेच्या सैन्याने कोठारे लुटली, पण चवळीला जनावरांचा चारा समजून सोडून दिले आणि त्यावर लोक जगले. काळ्या समाजातली कथा दुसरी. ३१ डिसेंबर १८६२ च्या रात्री ठिकठिकाणी माणसे जागत बसली होती, कारण दुसऱ्या दिवशी, १ जानेवारी १८६३ ला, लिंकनची मुक्तीची घोषणा अमलात येणार होती. त्या पहाटे जे घरात होते ते शिजवले, आणि घरात चवळी होती. यातली कुठली कथा इतिहासाच्या कसाला किती उतरेल ते सोडा. मला एवढे दिसते, की एका समाजाने आपले दारिद्र्याचे अन्न लपवले नाही. वर्षाच्या पहिल्या दिवशी ते मधोमध मांडले.

आपल्याला या कथेतला एक माणूस चांगला ओळखीचा आहे. वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली आले आणि मराठी घराघरांत वाचले गेले. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर म्हटले की आपल्याला भुईमूग आठवतो. पण टस्कीगीला असताना १९०३ साली त्यांनी एक पत्रक काढले होते, ते चवळीवर. कापसाने निकस झालेल्या जमिनीला चवळी पुन्हा कस देते, हे ते काळ्या शेतकऱ्यांना सांगत होते. १९०८ साली दुसरे पत्रक काढले, चवळी कशी शिजवावी याचे. शास्त्रज्ञाने पाककृती छापावी याचे मला फार अप्रूप वाटते. जमीन सुधारेल म्हणून शेतकरी चवळी पेरील, पण ती चवीने खाल्ली जाईल तेव्हाच पुन्हा पेरील, हे त्यांनी ओळखले होते.

पण चवळीचा नव्या वर्षाशी संबंध अमेरिकेहूनही जुना आहे. ज्यूंच्या तालमुदमध्ये वर्षारंभी खाण्याच्या गोष्टींत भोपळा, खजूर यांबरोबर ‘रुबिया’ सांगितला आहे. अनेक ज्यू समाज त्याचा अर्थ चवळी असा घेतात. हिंदीतला लोबिया कानाला त्याचा भाऊबंदच वाटतो. त्या शब्दाचा ध्वनी ‘पुष्कळ’ या अर्थाच्या हिब्रू शब्दाशी जुळतो, म्हणून तो शकुनाचा. आणि हे सगळे दूरचे नाही. आपल्या कुलाब्याच्या, म्हणजे आताच्या रायगडच्या, खेड्यांत शतकानुशतके तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्रायली मराठीच बोलत. शनिवारी घाणा बंद, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांच्या वर्षारंभाचे नाव काय, तर ‘नव्याचा सण’. त्याच्या पाठोपाठ ‘खिरीचा सण’. मराठी मुलखात राहून त्यांनी आपल्या सणांना अशी सरळ, पोटाजवळची नावे दिली.

‘नव्याचा’ हा शब्द आमच्याही ओळखीचा. आश्विनातल्या पौर्णिमेला नव्या भाताच्या लोंब्या दाराला बांधतात. आणि आजऱ्यात नवे भात म्हटले की घनसाळ. आखूड दाण्याचा, शिजताना चार घरांपलीकडे वास जाणारा. २०१६ साली ‘आजरा घनसाळ’ला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा तालुक्याची छाती फुगली आणि ते योग्यच होते. पण मी बँकेत पीककर्जाचे अर्ज भरून घेत असे. अर्जापलीकडचे बोलणेही होई. घनसाळ पिकवणाऱ्या किती घरांत घनसाळ शिजे? तो उतरतो कमी, तयार व्हायला वेळ लावतो आणि बाजारात भाव खातो. म्हणून पोते बाजारात जाई. घरात जाडाभरडा भात, नाचण्याची भाकरी आणि चवळी. सुगंध विकून शेतकरी कर्जाचा हप्ता भरत होता. देवाच्या नैवेद्यापुरती मूठभर घनसाळ मात्र मडक्यात राखलेली असे.

नाचण्याचे दिवस आता पालटले आहेत. २०२३ हे साल जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले गेले आणि ज्या भाकरीची पोरांना शाळेत लाज वाटे, तिचे पीठ चकचकीत पाकिटात आले. चवळीच्या वाट्याला अजून एवढेही आलेले नाही.

माझी भाची अटलांटात असते. तिच्या शेजारणीने पहिल्याच वर्षी १ जानेवारीला वाडगाभर चवळी-भात आणून दिला. भाचीने फोनवर सांगितले, "मामा, मी चव घेतली आणि रडायलाच आलं. आजीच्या आमटीत फक्त चटणी नसावी, तशी लागली." चटणी म्हणजे कोल्हापुरी चटणी, कांदा-लसणाची. ती आता दर वर्षी एक जानेवारीला चवळी करते, आमच्या पद्धतीने, आणि वाडगा परत शेजारणीकडे जातो.

हे सारे मनात घोळवून मी गेल्या पाडव्याच्या आधी थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे, गोष्ट काढली. या वर्षी गुढीच्या नैवेद्यात चवळी ठेवायची. कार्व्हर सांगितला, लिंकन सांगितला. अक्का पंचाहत्तरीची आहे. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "आईनं जल्मभर झाकून ठेवलं, ते तू गुढीम्होरं मांडतोस व्हय?"

मी म्हटले, "अगं, त्यात लाजण्यासारखं काय आहे?"

"तुला न्हाई वाटत. तू पुस्तकं वाचलीस. तिला वाटत हुती ना? वाटीभर डाळ मागायला शेजारी मला धाडायची. तुला न्हवं."

यावर बोलणे संपले. पाडव्याला पुरणपोळीच झाली आणि लिंबाची गोळी अक्कानेच माझ्या हातावर ठेवली, नेहमीपेक्षा जरा मोठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या दारी गेलो तर चवळी भिजत घातलेली. रात्रीच घातली असणार. बाजारातली टपोरी नव्हे, बांधावरची, बारीक, तांबूस झाक असलेली. मी काही बोललो नाही. अक्का सांगत गेली आणि मी पाट्याशी बसलो. दाणा बोटाने चेपेल इतकाच शिजवायचा, गाळ करायचा नाही. फोडणीत लसूण ठेचून, कांदा लालसर झाला की चटणी घालायची आणि लगेच चवळीचे पाणी, म्हणजे चटणी जळत नाही. मूठभर दाणे वाटून परत आमटीत सोडायचे, त्याने अंगचा दाटपणा येतो. आंबटाला दोन आमसुले. मी खोबऱ्याची वाटी पुढे केली, तर तिने हात धरला.

"खोबरं न्हाई. आई घालत न्हवती."