पहिले सहा तास

लंडन : बाळ जन्मतं, पण रडत नाही. कळा चालू असताना नाळ दबलेली असते किंवा वार वेळेआधीच सुटलेली असते, आणि मेंदूला पुरेसा प्राणवायू मिळालेला नसतो. मास्क धरून श्वास दिला जातो, ठोके सुधारतात. त्यानंतर ब्रिटनमधला डॉक्टर जे करतो, ते पाहून शेक-शेगडीवर विश्वास असलेल्या आजीच्या पोटात गोळाच येईल. लक्षणं गंभीर असली, तर तो वॉर्मर बंद करतो. गुदद्वारात बारीक तापमापक सरकवला जातो आणि बाळाला ३३ ते ३४ अंश सेल्सिअसपर्यंत गार होऊ दिलं जातं.

मेंदूची इजा एका दमात पुरी होत नाही. रक्तपुरवठा सुरळीत झाल्यावर पेशी काही तास सावरल्यासारख्या वाटतात आणि मग दुसऱ्या लाटेत मरू लागतात. गारवा ही दुसरी लाट थोपवतो, मात्र उपचार जन्मानंतर सहा तासांच्या आत सुरू व्हायला हवा. २००९ साली ३२५ बाळांवरच्या 'टोबी' चाचणीचे निष्कर्ष आले. ७२ तास गार ठेवलेल्या गटात मेंदूला इजा न होता वाचलेली मुलं जास्त होती. दोन्ही गटांतली मुलं सहा-सात वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासणी झाली, तेव्हा जगून ८५ किंवा अधिक बुद्ध्यांक असलेल्यांचं प्रमाण गार ठेवलेल्या गटात ५२ टक्के, तर दुसऱ्यात ३९ टक्के भरलं.

ही सोय प्रत्येक रुग्णालयात नाही, आणि इथंच ब्रिटनची खरी कर्तबगारी दिसते. रुग्णालयं विभागवार एकमेकांशी जोडलेली आहेत. एक फोन गेला की नवजात बाळांना हलवणारं खास पथक निघतं. ते पोचेपर्यंत काय करायचं, हे फोनवरच ठरतं. मोठ्या केंद्रात थंड पाणी खेळवणारी गादी, मेंदूचा सततचा आलेख, त्रास होऊ नये म्हणून मॉर्फिन. तीन दिवसांनी बाळाला हळूहळू ऊब दिली जाते, तासाला जास्तीत जास्त अर्धा अंश. सिझेरियनचे टाके ओले असलेली आई कित्येकदा मागे, पहिल्याच रुग्णालयात असते. ही ताटातूट फार क्रूर आहे.

हे सारं असूनही इथल्या प्रसूतिगृहांची अब्रू झाकलेली नाही. श्र्यूजबरी आणि टेलफर्डच्या रुग्णालयांविषयीचा ऑकेंडन अहवाल २०२२ मध्ये आला. योग्य काळजी घेतली असती तर २०१ बाळं वाचू शकली असती, असं त्यात आढळलं. २०१८ पासून इंग्लंडमध्ये पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूला प्रसूतीत गंभीर इजा झाली, तर रुग्णालयाबाहेरची यंत्रणा तपास करते आणि अहवाल आईवडिलांच्या हाती देते. आपल्याकडेही हे व्हायला हवं.

बाळाला गार करणाऱ्या यंत्राची नक्कल मात्र जपून करावी. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशात ४०८ बाळांवर 'हेलिक्स' चाचणी झाली. मुंबईचं सायन रुग्णालयही तिच्यात होतं. २०२१ चा निष्कर्ष धक्कादायक होता : गार ठेवलेल्या बाळांपैकी ४२ टक्के दगावली, न ठेवलेल्यांपैकी ३१ टक्के. तेव्हा प्रसूतीसाठी नाव नोंदवताना डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारा : बाळ रडलं नाही तर त्याला श्वास देणारं प्रशिक्षित माणूस त्या क्षणी खोलीत असेल का? आणि गरज पडली तर बाळ कुठं, कोणाबरोबर जाईल?